तीस माणसांच्या ऑफिसचं नेटवर्क: राऊटर सगळ्यात शेवटी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३० माणसांचं ऑफिस नव्या जागेत जातंय. एकच मजला, साधारण ३००० चौरस फूट, काचेच्या दोन मीटिंग रूम. १० कॅमेरे, १२ आयपी फोन, दोन प्रिंटर आणि फाइली ठेवायला एक नॅस. विक्रेत्याने आठ अँटेनांचा एक महाग राऊटर आणि २४ पोर्टचा एक साधा स्विच (ऑफिसातल्या सगळ्या केबल जोडायची पेटी) सुचवलाय. ‘राऊटर दमदार घेतला की बाकी काही बघायला नको’ असं त्याचं म्हणणं. एवढ्यावर भागेल का?

भागणार नाही. मुख्य म्हणजे विचाराची सुरुवातच उलट्या टोकाने झाली आहे. राऊटर हा या सगळ्यातला बदलायला सर्वात सोपा भाग. नाही पटला तर एका संध्याकाळी जुना काढून नवा बसवता येतो. भिंतीत आणि छतात गेलेली केबल मात्र ऑफिस त्या जागेत असेपर्यंत तिथेच राहते. म्हणून जे नंतर बदलणं अवघड, त्याचा निर्णय आधी घ्या आणि पैसेही आधी तिकडेच घाला. उत्तराचा क्रमही तोच ठेवतो.

नेटवर्कची केबल सगळीकडे कॅट ६ दर्जाची घ्या आणि शुद्ध तांब्याचीच घ्या. कॅट ५ई या आधीच्या दर्जाच्या केबलवर सेकंदाला १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत व्यवस्थित जातं, आणि २०१६ साली आलेल्या मानकाप्रमाणे २.५ गिगाबिटही जातं, हे खरं आहे. पण नव्याने केबल ओढताना खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो, त्यामुळे कॅट ५ई घेऊन फारसं काही वाचत नाही. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत चालतं, आणि तुमच्या मजल्यावर त्याहून लांब लाइन बहुधा निघणारच नाही. कॅट ६ए वाईट नाही, पण जाड असते, पाइपात कमी मावते आणि वळवताना त्रास देते. तुम्हाला तिची गरज नाही. कोणी कॅट ८ सुचवली तर सरळ नकार द्या; ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे.

शुद्ध तांब्यावर एवढा भर का, तर बाजारात सीसीए नावाची केबल सर्रास मिळते. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर कॅट ६ छापलेलं असतं, पण केबलिंगची मानकं तिला मान्यता देत नाहीत. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त. त्यामुळे त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची झाली की केबल तापते आणि लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. शिवाय तार ठिसूळ, पंचिंग करताना (सॉकेटमध्ये दाबून बसवताना) किंवा नंतर जरा हलवली की तुटते. ओळखायला सोपी आहे. केबलचा तुकडा मागून घ्या, एका तारेवरचं प्लास्टिक सोला आणि ब्लेडने तार खरवडा. आत चंदेरी दिसलं तर अख्खा माल परत पाठवा, किंमत कितीही कमी लावली तरी.

तपासणीकडेही नीट लक्ष द्या. बरेच केबलवाले दिव्यांचा छोटा टेस्टर लावतात, १ ते ८ दिवे क्रमाने लागले की लाइन पास. तो टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का, एवढंच सांगतो. केबलमधल्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात आणि त्या पिळामुळेच एका जोडीतला सिग्नल दुसरीत फारसा शिरत नाही. मानकाप्रमाणे एक जोडी ३ आणि ६ वर जाते, दुसरी ४ आणि ५ वर. एखादा नवखा कारागीर दिसायला सरळ म्हणून जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीने लावतो. दोन्ही टोकांना तसंच केलं तर टेस्टरचे आठही दिवे बिनचूक लागतात. प्रत्यक्षात मात्र ३ आणि ६ वरच्या तारा दोन वेगळ्या जोड्यांतल्या असतात. मग ती लाइन १ गिगाबिटवर टिकत नाही, १०० मेगाबिटवर उतरते, मोठी फाइल कॉपी करताना अडखळते. लोक कॉम्प्युटर बदलतात, स्विच बदलतात, पण दोष सापडत नाही, कारण केबल ‘टेस्ट केलेली’ असते. म्हणून कंत्राटातच लिहून घ्या: प्रत्येक लाइनचा सर्टिफिकेशन टेस्टरचा, म्हणजे जोड्यांची गडबडही पकडणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट हवा. हे मशीन महाग असतं, कारागीर ते भाड्याने आणतो आणि त्याचे पैसे लावतो. ते खुशाल द्या.

प्रत्येक टेबलाला दोन लाइन टाका. छतात ॲक्सेस पॉइंटसाठी (वायफाय पुरवणाऱ्या पेट्यांसाठी) पाच जागी केबल सोडा, सुरुवातीला चारच लावणार असलात तरी. भिंतीतली केबल थेट स्विचमध्ये खुपसू नका, ती पॅच पॅनेलवर (सगळ्या केबलची टोकं एकत्र आणणाऱ्या पट्टीवर) पंच करा आणि तिथून लवचीक पॅच कॉर्डने स्विचला जोडा. पॅनेलपासून टेबलाजवळच्या सॉकेटपर्यंत ९० मीटरच्या आत राहायचं, उरलेले १० मीटर पॅच कॉर्डसाठी असतात. विजेच्या वायरिंगला लागून समांतर केबल नेऊ देऊ नका. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आणि दोन्ही टोकांना एकच नंबर लावून घ्या.

आता स्विच. साधा स्विच नको, मॅनेज्ड हवा, म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा, आणि पीओई हवा. बाजारात ‘स्मार्ट मॅनेज्ड’ म्हणून मिळतात तेवढे पुरतात, राऊटिंगही करणाऱ्या लेयर ३ स्विचवर खर्च करायचं कारण नाही.

पीओई म्हणजे डेटाच्याच केबलवरून वीज. खरेदी करताना लोक फक्त पोर्ट मोजतात, आणि नेमकं तिथेच चुकतं, कारण खरा आकडा वॅटचा आहे. ८०२.३एएफ या २००३ च्या मानकात स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटी मध्ये ३० वॅट आणि २०१८ च्या ८०२.३बीटी मध्ये ९० पर्यंत. पण २४ पोर्टच्या स्विचवर ‘पीओई प्लस’ लिहिलंय म्हणून तो एकाच वेळी २४ गुणिले ३० वॅट देईल असं नाही. त्याचं एकूण बजेट वेगळं छापलेलं असतं, बऱ्याचदा १९०, २५० किंवा ३७० वॅट. तुमचा हिशोब असा मांडा: चार ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी २० वॅट म्हणजे ८०, दहा कॅमेरे प्रत्येकी १२ म्हणजे १२०, बारा फोन प्रत्येकी ५ म्हणजे ६०. एकूण २६०. हे जास्तीत जास्तचे आकडे आहेत, आणि धरायचेही तेच.

ते का, हे एका ऑफिसात नीट कळलं. तक्रार अशी होती की कॅमेरे दिवसभर छान चालतात आणि अंधार पडला की दोन-तीन कॅमेरे बंद पडतात, पुन्हा चालू होतात, पुन्हा बंद. कॅमेरे बदलून झाले होते, तरी तेच. दिवसा कॅमेरा थोडी वीज घेतो. अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी एकदम वाढते. सगळ्या कॅमेऱ्यांचे दिवे एकदम लागले की स्विचचं बजेट संपायचं आणि तो कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडायचा. भार उतरला की तेच पोर्ट परत चालू. स्विचच्या सेटिंगच्या पानावर वॅटचा आलेख उघडला तेव्हा संध्याकाळची ती चढण स्पष्ट दिसत होती. साधा स्विच असता तर हे पान उघडायलाच मिळालं नसतं.

तुमचे पोर्ट मोजले तर कॉम्प्युटर, कॅमेरे, फोन, ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर, नॅस आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर धरून साठीच्या आसपास जातात. फोनमधून पुढे कॉम्प्युटर जोडला तर चाळिशीत बसतात. ४८ पोर्टचा एक स्विच घेण्यापेक्षा मी २४ चे दोन घेईन, एकाच मॉडेलचे, प्रत्येकी १९० वॅट किंवा त्याहून जास्त बजेटचे. एक गेला तर अर्धं ऑफिस चालू राहतं. मात्र त्यासाठी शेजारशेजारचे ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या स्विचवर लावा, आणि कॅमेरेही वाटून द्या. दोन्ही स्विच आपसात १० गिगाबिटच्या एसएफपी प्लस पोर्टने (स्विच एकमेकांना जोडायच्या वेगवान पोर्टने) जोडा.

मॅनेज्ड स्विचचा खरा उपयोग भानगड होते त्या दिवशी कळतो. मीटिंग रूममध्ये टेबलावर लोंबणारी पॅच कॉर्ड कोणीतरी व्यवस्थित ठेवायची म्हणून भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचतो. दोन्ही टोकं एकाच नेटवर्कमध्ये, लूप तयार. ब्रॉडकास्टची (सगळ्यांना जाणारी) पॅकेटं गोल गोल फिरत वाढत जातात आणि मिनिटभरात सगळं ऑफिस ठप्प. साध्या स्विचवर एकेक केबल उपटून शोधत बसावं लागतं. लूप प्रोटेक्शन चालू असेल तर तेवढा एकच पोर्ट बंद होतो आणि स्विच तुम्हाला त्याचा नंबर सांगतो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे कोणीतरी घरून जुना राऊटर आणून जोडतो आणि तो सगळ्यांना चुकीचे आयपी पत्ते वाटू लागतो. त्यावर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते, ती पत्ते फक्त ठरवलेल्या राऊटरलाच वाटू देते. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी चालू करा.

व्हीएलॅन, म्हणजे त्याच स्विचवर केलेले वेगवेगळे नेटवर्क, तेही पहिल्या दिवसापासूनच. कर्मचारी, कॅमेरे, फोन आणि पाहुणे असे चार वेगळे भाग करा. कॅमेऱ्यांबद्दल मी आग्रही आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर) हल्ला झाला आणि कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास उघडत नव्हत्या. त्यामागे मिराई नावाचं मालवेअर होतं, आणि त्याने ताब्यात घेतलेली यंत्रं म्हणजे बहुतांशी कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर. कॅमेऱ्याला इंटरनेटवर जाण्याची गरज नसते. त्याने रेकॉर्डरशी बोलावं, बस्स. त्याला तुमच्या हिशोबाच्या फाइलींपर्यंत वाट असण्याचंही कारण नाही.

वायफायच्या बाबतीत विक्रेत्याची आठ अँटेनांची कल्पना मुळातच चुकीची आहे. वायफाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. राऊटर कितीही जोरात ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे कोपऱ्यात रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. एक ताकदवान यंत्र ठेवण्यापेक्षा मध्यम ताकदीचे तीन-चार ॲक्सेस पॉइंट छताला लावा, प्रत्येकाला स्वतःची केबल देऊन. वायरलेस मेश (ॲक्सेस पॉइंट एकमेकांना केबलऐवजी वायफायने जोडणं) ऑफिसात टाळा. मधला दुवाही हवेतूनच असल्याने त्याच चॅनेलवर एकच डेटा दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो.

जागा निवडताना माणसं बसतात तिथे डोक्यावर लावा. कॉरिडॉरमध्ये लावायचा मोह होतो, कारण केबल तिथूनच गेलेली असते. पण लांब मोकळ्या पट्ट्यात ॲक्सेस पॉइंट एकमेकांनाच ऐकत बसतात आणि खोलीतल्या माणसाला भिंतीआडून सिग्नल मिळतो. फॉल्स सीलिंगच्या वर पत्र्याच्या डक्टशेजारी लपवू नका. काचेच्या मीटिंग रूमचं वेगळं बघा: साधी काच सिग्नल फारसा अडवत नाही, पण धातूचा थर असलेली सन फिल्म लावली असेल तर बऱ्यापैकी अडवते. दोन्हींपैकी मोठ्या रूममध्ये एक ॲक्सेस पॉइंट ठेवाच.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. एएक्स३००० म्हणजे ३००० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळणार असं वाटतं. तो आकडा २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज करून, वर गोल आकड्यात नेऊन छापलेला आहे. एक लॅपटॉप साधारणपणे एकावेळी एकाच बँडवर असतो. शिवाय २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल लागतं, आणि चार ॲक्सेस पॉइंटच्या ऑफिसात ते लावलं तर शेजारी-शेजारी एकमेकांवर आदळतात. मी ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवतो आणि २.४ वर २०. २.४ वर एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून चार ॲक्सेस पॉइंट असतील तर एकावरचा २.४ बंदच करा. ट्रान्समिट पॉवर ‘ऑटो’ किंवा ‘हाय’ वर सोडू नका, मध्यमवर आणा. नाहीतर फोन लांबच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसतो. कुठे जोडायचं हे फोन ठरवतो, ॲक्सेस पॉइंट फक्त सुचवू शकतो. वायफायची नावंही तीनाहून जास्त करू नका, कारण प्रत्येक नावाचा बीकन (नाव जाहीर करणारा संदेश) सेकंदाला सुमारे दहा वेळा हवेतली जागा खातो.

वायफाय ६ घ्या की ७? आज घेताना वायफाय ६ पुरेसं आहे. ७ ची किंमत फार वेगळी नसेल तर तेही घ्या, पण निम्मे लॅपटॉप जुने असतील तर त्यापायी स्विचवरचा खर्च कापू नका. डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षापद्धत मात्र असायलाच हवी.

आता राऊटर. माहितीपत्रकावर दोन-तीन वेग छापलेले असतात. सगळ्यात मोठा आकडा नुसतं राऊटिंग करतानाचा असतो. धोक्यांची तपासणी चालू केली की तोच १ गिगाबिटचा राऊटर कित्येकदा ३०० मेगाबिटच्या आसपास येतो, आणि व्हीपीएनचा (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित यायच्या सोयीचा) आकडा त्याहून वेगळा. तुम्ही जे वापरणार आहात त्याच ओळीतला आकडा तुमच्या इंटरनेट लाइनपेक्षा जास्त हवा.

दुसरं म्हणजे रांगेचं व्यवस्थापन. ‘स्पीड टेस्ट २०० दाखवते पण व्हिडिओ कॉल तुटतात’ ही तक्रार बहुतेक वेळा अपलोड भरल्यामुळे येते. कोणीतरी मोठा बॅकअप वर चढवत असतो, मोडेमच्या बफरमध्ये रांग लागते आणि आवाजाची पॅकेटं त्या रांगेत अडकतात. एफक्यू-कोडेल किंवा केक पद्धतीचं क्यू मॅनेजमेंट असलेला राऊटर घ्या, आणि त्यात लाइनचा वेग प्रत्यक्षापेक्षा पाच-दहा टक्के कमी लिहा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राऊटरच्या हातात राहते. कॉल लगेच सुधारतात. हे चालू केल्यावर काही राऊटरचं हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटं चिपकडून वेगाने पुढे पाठवण्याची सोय) बंद पडतं, तेही आधी विचारून घ्या.

पत्त्यांची एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ऑफिसला १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x ही मालिका देऊ नका. घरातल्या बहुतेक राऊटरवर तीच असते, आणि उद्या कोणी घरून व्हीपीएनने नॅसवर यायला गेलं तर त्याच्या लॅपटॉपला वाटतं नॅस घरातच आहे. १०.४७.२०.x असलं काहीतरी घ्या आणि तिसरा आकडा व्हीएलॅनचा नंबर ठेवा. पत्ता पाहताच यंत्र कुठल्या भागातलं ते कळतं.

ब्रँडचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. युनिफाय आणि ओमाडा यांचा कंट्रोलर (सगळी यंत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या जागेत चालवता येतो आणि त्याला वार्षिक लायसन्स लागत नाही. तुमच्या आकाराच्या ऑफिसला मी बहुधा यांतलंच एक सुचवतो. एचपीई नेटवर्किंग इन्स्टंट ऑन (आधीचं नाव अरुबा इन्स्टंट ऑन) क्लाउडवरून चालतं, तेही सबस्क्रिप्शनशिवाय. मायक्रोटिकमध्ये पैशाच्या मानाने खूप काही मिळतं, पण ते ज्याला नेटवर्किंग येतं त्याच्याच हातात द्यावं. फोर्टिनेटसारख्या फायरवॉलमध्ये धोक्यांच्या तपासणीसाठी दरवर्षी नूतनीकरण लागतं, ग्राहकांचा संवेदनशील डेटा असेल तर ते योग्य आहे. मेराकी लायसन्सवर चालतं. लायसन्स संपून सवलतीचा काळ उलटला की यंत्रं कामच थांबवू शकतात, तेव्हा पाच वर्षांचा खर्च धरूनच तुलना करा. कुठलाही घेतलात तरी त्या मॉडेलला फर्मवेअर अपडेट कधीपर्यंत मिळणार ते बघा. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट एकाच कंपनीचे असले की रोजचा कारभार सोपा होतो. राऊटर वेगळा असला तरी चालतो.

रॅक हवेशीर आणि कुलपाच्या जागी ठेवा, पँट्रीत नको. यूपीएसवर स्विच आणि राऊटर तर हवेतच, पण इंटरनेट कंपनीचा ओएनटीही (बाहेरून येणारी फायबर जोडायची पेटी) हवा. तो हमखास राहून जातो आणि वीज गेली की सगळं चालू असून नेट मात्र बंद. यूपीएस घेताना व्हीए न बघता वॅट बघा, १००० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ६०० वॅटचाच असतो. एक बंद पडली तरी काम चालावं म्हणून दुसरी इंटरनेट लाइनही घ्या; ती वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या मार्गाने येणारी असावी, नाहीतर एकाच खोदकामात दोन्ही तुटतात.

विक्रेत्याला हे सगळं लिहून नवं कोटेशन मागा, आणि शेवटचा हप्ता काम तपासूनच द्या. त्याच्यासमोर पहिल्या इंटरनेट लाइनची केबल काढा, चालू व्हिडिओ कॉल दुसऱ्या लाइनवर किती वेळात सावरतो ते बघा. सगळ्या केबल लाइनचे टेस्ट रिपोर्ट, कुठला पोर्ट कुठल्या टेबलाला याचा तक्ता, राऊटर आणि स्विचच्या सेटिंगचा बॅकअप आणि ॲडमिन पासवर्ड तुमच्या ताब्यात घ्या. क्लाउड खातं कंपनीच्या ईमेलवरच उघडलेलं असावं, विक्रेत्याच्या नाही. ते त्याच्या नावावर राहिलं तर उद्या तो बदलल्यावर प्रत्येक यंत्र रीसेट करून नव्याने बांधावं लागतं.